असगरी आणि सुलताना : स्त्रीप्रतिमेचे दोन टप्पे

साहित्यातील स्त्रीप्रतिमेचा विचार करताना इस्लामी आणि स्त्रीवादी दृष्टिकोन परस्परविरोधी मानले जातात. दोन कृतींच्या आधारे ही समजूत तपासता येते.

डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’ (१८६९) या उर्दू कादंबरीतील असगरी सुशिक्षित आहे. ती मुलींना शिकवतेही. मात्र तिच्या शिक्षणाचे मोल मुख्यतः घर किती नीट चालते यावर ठरते. बेगम रुकैया यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ (१९०५) या इंग्रजी कथेत स्त्रिया विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात आणि पुरुष मर्दान्यात राहतात. येथे निर्णय स्त्रीचा आहे.

तरीही स्त्रीशिक्षणाची मागणी रुकैयांनी इस्लामच्याच आधाराने मांडली. पडदा आणि स्त्रीला कोंडून ठेवणारा ‘अवरोध’ यांत त्यांनी भेद केला. १९११ मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा सुरू केली.

म्हणून वर्गात कोणतीही कृती शिकवताना दोन प्रश्न एकत्र विचारावेत : धर्माने दिलेले शिक्षणाचे, संमतीचे, वारशाचे हक्क या पात्राला मिळाले का? आणि तिच्या आयुष्याचे निर्णय कोण घेते? हे प्रश्न वेगळे केले, तर श्रद्धा आणि आत्मसन्मान यांपैकी एकच निवडण्याची पाळी आपल्या विद्यार्थिनीवर येते.