एक संहिता, दोन चौकटी : कादंबरीलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील द्विभागी संपादक

कादंबरीसारख्या दीर्घ कथनात लेखकास एकाच वेळी दोन स्थळी उपस्थित राहावे लागते. विसाव्या प्रकरणातील पात्राचे बोलणे तिसऱ्या प्रकरणातील त्याच्या बोलण्याशी जुळावे लागते, आणि न जुळल्यास त्याचे कारण कथानकात असावे लागते. हस्तलिखितावर काम करणारा लेखक मागील प्रकरणाचे कागद काढून हाताशी ठेवीत असे. संगणकावर हेच लेखन एका लांब गुंडाळीसारखे झाले. मागे जावे तर लिहिते ठिकाण दृष्टीआड होते. परत यावे तर मागचे वाक्य स्मरणावर सोपवावे लागते, आणि स्मरण हे वाक्याचा आशय राखते, शब्द क्वचितच राखते. ह्या अडचणीवरील उपाय म्हणून लेखनाची चौकट दुभागण्याची सोय पुढे आली.

मजकूर शेजारी शेजारी मांडण्याची युक्ती अर्थातच संगणकाहून फार जुनी आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने 'हेक्साप्ला' ह्या ग्रंथात बायबलच्या जुन्या कराराचे हिब्रू मूळ, त्याचे ग्रीक लिप्यंतर आणि चार ग्रीक भाषांतरे अशी सहा स्तंभांची मांडणी केली. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये १८३२ पासून मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पृष्ठावर दोन स्तंभांत छापला जाई. ह्या दोन्ही उदाहरणांत प्रत्येक स्तंभ म्हणजे स्वतंत्र संहिता होती. संगणकावरील दोन चौकटींविषयी मात्र असे गृहीत धरता येत नाही, आणि नवशिक्याची गफलत नेमकी येथेच होते.

'स्क्रिव्हनर' हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. त्यात कादंबरी ही एकच सलग फाइल म्हणून हाताळली जात नाही. तिचे प्रसंग, प्रकरणे व टिपणे सुट्या तुकड्यांत ठेविलेली असून त्यांची उतरंड डावीकडील 'बाइंडर' नामक यादीत दिसते. मधली लेखनाची चौकट उभी अथवा आडवी दुभागता येते, म्हणजे दोन भाग शेजारी शेजारी किंवा वर-खाली येतात. दोहोंत भिन्न तुकडे उघडता येतात. तसाच एकच तुकडाही दोहोंत उघडता येतो. ह्या दुसऱ्या स्थितीत एका चौकटीत शब्द खोडला की तो दुसरीतूनही तत्क्षणी नाहीसा होतो, कारण तेथे प्रती दोन नसून एकाच संहितेकडे पाहणाऱ्या दोन खिडक्या आहेत. प्रकरणाचा आरंभ एकीत व शेवट दुसरीत ठेवून मधली पाने न उलटता दोन्ही टोके पाहता येतात ती ह्याचमुळे.

हा भेद ध्यानात न आल्यास होणारे नुकसान लहान नाही. जुना मजकूर समोर असावा म्हणून लेखक प्रकरणाची प्रत काढून ती निराळ्या नावाने ठेवतो. चार दिवसांनी दोन्ही प्रतींत सुधारणा झालेल्या असतात, आणि कोणती प्रमाण हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. पाठचिकित्सकाला शतकानुशतकांच्या लेखनिकांनी दिलेली अडचण हा लेखक एका आठवड्यात स्वहस्ते निर्माण करतो. वस्तुतः जुना पाठ राखण्यासाठी 'स्नॅपशॉट' ही वेगळी सोय आहे. मजकुराची त्या क्षणीची अवस्था तीत जतन होते, आणि ती दुसऱ्या चौकटीत उघडून चालू पाठाशी ताडून पाहता येते.

दुसरा धोका कर्सरचा. बाइंडरमधील नावावर टिचकी मारली असता तो तुकडा सामान्यतः ज्या चौकटीत अखेरचे काम झाले तीत उघडतो. संदर्भासाठी ठेविलेले तिसरे प्रकरण अकस्मात नाहीसे होते ते ह्यामुळे. चौकटीस कुलूप लावता येते. परंतु ते कुलूप केवळ तुकडा बदलू देत नाही, त्यातील अक्षरे बदलण्यास आडकाठी करीत नाही.

मराठी कादंबरीच्या दृष्टीने ह्या सोयीचा खरा उपयोग संवादांत दिसून येतो. समजा, चौथ्या प्रकरणात दिराला 'भावोजी, तुम्ही बसा' म्हणणारी वहिनी सत्ताविसाव्या प्रकरणात त्यालाच 'तू बस' म्हणते. हा बदल मधल्या बावीस प्रकरणांतील जवळिकीचा परिणाम आहे की लेखकाचे अनवधान? 'भावोजी' हा शब्द शोधपेटीत घालून उपयोग नाही, कारण सत्ताविसाव्या प्रकरणात तो नाहीच, आणि जे नाही ते शोधपेटीला सापडत नाही. दोन्ही प्रसंग शेजारी आले म्हणजे मात्र संबोधन, सर्वनाम व क्रियापदाचे रूप हे तिन्ही एकदम नजरेत भरतात. बोलीचेही तसेच. घाटावरच्या पात्राच्या तोंडी एके ठिकाणी 'न्हाई' व दुसरीकडे कोकणी वळणाचे 'नाय' आले असल्यास वाचकास ते खटकते, आणि लेखकास त्याचा पत्ताही नसतो.

तथापि शेजारी ठेवून वाचण्यात एक मोह आहे, तो सर्वत्र एकसारखेपणा आणण्याचा. शेजाऱ्याशी 'न्हाई' म्हणणारा मनुष्य मामलेदारापुढे 'नाही' म्हणतो, आणि तसे म्हणण्यातच त्याची मामलेदाराविषयीची भावना प्रकट होते. दोन चौकटी भेद दाखवितात. त्याचा अर्थ लावणे त्यांच्या आवाक्यातले नाही, आणि उत्साही लेखकांनी अर्थपूर्ण भेदच खरवडून काढल्याचे पाहिले म्हणजे ही सोय नसती तर बरे, असेही क्षणभर वाटते.

क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र हीच रचना वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडेल. एका चौकटीत मजकुराऐवजी ध्वनिमुद्रणही उघडता येते. निवेदकाचे बोलणे एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे त्याचे लेखन करता येते, आणि लिहिणाऱ्या चौकटीतून हात न काढता, कळफलकावरूनच, ध्वनी थांबविता व पुन्हा सुरू करता येतो. थांबविल्यावर मुद्रण काही सेकंद मागे नेऊन ठेवण्याची व्यवस्थाही त्यात आहे. एखाद्या शब्दातला 'ण' होता की 'न', हे पुन्हा पुन्हा ऐकूनच ठरविणाऱ्यास तेवढे काही सेकंद पुष्कळ होतात.