तापलेला लॅपटॉप सुरू का होत नाही?

प्रथम एक सोपे गणित करू या. घरातील गिझरची शक्ती २,००० वॅट असते आणि त्याला २३० व्होल्ट विद्युत्‌दाब मिळतो. भागाकार केला की त्यातून वाहणारा प्रवाह सुमारे ८.७ अँपिअर येतो. आता लॅपटॉपमधील मुख्य चिपकडे, म्हणजे प्रोसेसरकडे वळू. भरपूर काम करताना तो ३० वॅट शक्ती घेतो असे समजा. ही शक्ती त्याला जेमतेम १ व्होल्ट दाबावर पुरविलेली असते. मग प्रवाह किती झाला? ३० अँपिअर! गिझरच्या तिपटीहून अधिक प्रवाह नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून वाहतो आणि ती सगळी शक्ती अखेर उष्णतेच्याच रूपात बाहेर पडते.

नखाएवढ्या, हा शब्द महत्त्वाचा आहे. १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. आपली चिप दीड चौरस सेंटिमीटरची धरली, तर तिथे हाच आकडा २० येतो. इस्त्रीच्या चौपट! ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर काही सेकंदांतच चिप निकामी होण्याइतकी तापेल.

आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी विश्रांतवाडीला राहते. माउलींची पालखी ज्या आळंदी रस्त्याने पुण्यात येते, त्याच्याजवळच तिचे घर आहे. वरच्या खोलीवर पत्रा, खिडकीतून दिवसभर रस्त्याची धूळ. एप्रिलमधल्या एका दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून ती प्रकल्पाचा अहवाल लिहीत होती. पंख्याची घरघर वाढली आणि पडदा एकाएकी काळा झाला. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी एक दिवासुद्धा लागेना. थोरल्या भावाने हप्त्यांवर घेऊन दिलेले ते यंत्र. अहवाल चार दिवसांनी द्यायचा होता आणि सहा महिन्यांची मापने त्यातच होती. एका दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडताच सांगितले, "बोर्ड गेला. बारा हजार पडतील."

बोर्ड गेला असेलही. पण निदान करण्याआधी उष्णतेचा मार्ग नीट समजून घेऊ या.

उष्णता किती वेगाने वाहते हे तपमानांतील फरकावर अवलंबून असते. चिपचे तपमान ९५ अंश सेल्सिअस आणि खोलीचे २५ अंश असेल, तर फरक ७० अंशांचा. पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर फरक उरतो ५५. म्हणजे पंखा तोच आणि यंत्र तेच असूनही उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक-पंचमांशाहून अधिक घटली. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा अंदाजे ६ टक्के विरळ, त्यामुळे पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढी कमी हवा हलते. हा परिणाम लहान आहे, पण तो आपल्या बाजूचा नाही.

चिपपासून पंख्यापर्यंत उष्णता नेणारी चपटी तांब्याची नळी ही मात्र मोठी सुंदर युक्ती आहे. ती भरीव तांब्याची पट्टी आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती पोकळ असते. आतली हवा काढून टाकून तिच्यात थोडेसे पाणी बंद केलेले असते. सिंहगडावर पाणी १०० ऐवजी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी. नळीत तर हवा नाहीच, त्यामुळे चिपच्या बाजूचे पाणी पुष्कळ कमी तपमानालाच वाफ होऊन उष्णता शोषते. वाफ दुसऱ्या टोकाला धावते, तेथे निवून पुन्हा पाणी होते आणि शोषलेली उष्णता तेथे सोडते. मग दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी आतल्या सच्छिद्र अस्तरातून चिपकडे परत येते. अशी नळी १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी करून दाखविली. पुढे कृत्रिम उपग्रहांमध्येही तिचा उपयोग झाला. पुण्यातच आयसर या संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणक थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवतात. तेथेही उष्णता उचलून दूर नेणे हेच काम द्रवाकडे आहे, फक्त मार्ग वेगळा.

नळीच्या थंड टोकाला धातूचे पातळ पापुद्रे असतात. दोन पापुद्र्यांमधील फट सुमारे एक मिलिमीटरची. घोटाळा होतो तो बहुधा येथेच. कपड्यांचे तंतू फटींवर अडकतात, त्यांवर धूळ बसते आणि पाहता पाहता नमद्यासारखा थर तयार होतो. त्यात गादीने खालची जाळी बंद झाली, तर हवा आत शिरणार कोठून?

चिप साधारण १०० अंशांजवळ गेली की स्वतःची गती कमी करते. तरीही तपमान चढतच राहिले, तर संरक्षक मंडल वीजपुरवठा तोडते. तेव्हा काळा पडदा हा बहुतेक वेळा बिघाड नसून बचाव असतो. घरातील एमसीबी पडतो तसाच. फरक एवढाच, की एमसीबी हाताने वर करता येतो आणि लॅपटॉपमधील ही 'कळ' एका छोट्या नियंत्रक चिपच्या स्मृतीत असते. बॅटरी जोडलेली असेपर्यंत त्या नियंत्रकाला वीज मिळत राहते आणि कधी कधी तो 'बंद' या अवस्थेतच अडकून बसतो. बॅटरीचेही स्वतःचे संरक्षण असते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गेली की ती चार्जिंग घेण्याचे नाकारते.

त्या मुलीने काय केले ते आता तुमच्या ध्यानात येईल. तिने अ‍ॅडॉप्टर काढला आणि यंत्र तासभर गार होऊ दिले. नंतर वीज न जोडता बटण ३० सेकंद दाबून धरले, म्हणजे धारित्रांत उरलेला प्रभार निघून जातो. तरीही काही घडले नाही. मग प्रयोगशाळेतील मल्टिमीटरने अ‍ॅडॉप्टर तपासला. त्यावर १९.५ व्होल्ट छापले होते आणि मापन १९.४ आले. (भार नसताना दाब बरोबर आला म्हणून अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरत नाही, हे लक्षात ठेवा. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे अधिक खात्रीचे.) शेवटी खालचे स्क्रू काढून बॅटरीची जोडणी सोडविली, बटण पुन्हा दाबून धरले आणि फक्त अ‍ॅडॉप्टर लावला. दिवा लागला! पंख्यापाशी जाड राखाडी थर निघाला. पंख्याचे पाते बोटाने धरून तो ब्रशने काढला, चिपवरचा वाळून तडकलेला उष्णतावाहक लेप बदलला आणि बॅटरी पुन्हा जोडली. अहवाल वेळेवर गेला.

प्रत्येक वेळी शेवट इतका गोड होत नाही. सिलिकॉनचे प्रसरण तांब्याच्या मानाने सहापट कमी असते. रोज तापणे आणि निवणे यांच्या ओढाताणीत चिपखालच्या डाखाच्या बारीक मण्यांना तडे जातात. एखादे धारित्र आतून जुळून गेले, तर संरक्षक मंडल यंत्र सुरूच होऊ देत नाही, आणि तेथे कुशल माणूसच हवा. त्याला एवढे जरूर विचारा, की कोणता भाग गेला आणि ते कसे मोजले? बोर्ड खरोखर गेला तरी मापने बहुतेक वेळा वाचतात, कारण साठवणीची तबकडी पुष्कळ यंत्रांत वेगळी निघते.

दोन गोष्टी मात्र करू नका. बॅटरी फुगली असेल, तर ती टोचू वा दाबू नका. यंत्र बंद ठेवून ते मोठ्यांच्या हवाली करा. आणि लवकर गार व्हावा म्हणून लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच थंड बोर्डावर दव जमते, थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जमते तसे.

शाळेत हे पडताळून पाहता येईल. शिक्षकांच्या देखत चालू लॅपटॉपच्या हवा सुटण्याच्या जाळीपाशी तपमापक धरा. यंत्र लाकडी टेबलावर असताना दर मिनिटाला नोंद घ्या. मग त्याखाली चारघडी चादर घालून पाचच मिनिटे, त्याहून अधिक नको, पुन्हा नोंदी घ्या. जाळी पूर्ण झाकली गेली, तर बाहेर येणारी हवा अधिक गरम पण फार थोडी असते. मग एकूण उष्णता जास्त कोणत्या वेळी बाहेर पडली? त्यासाठी तपमानाखेरीज आणखी काय मोजावे लागेल, हे वर्गात ठरवा.