दहा लाख डॉलरचा हात

क्रिकेटवेड्या देशात जाऊन बेसबॉलचे खेळाडू शोधायचे, हे जे. बी. बर्नस्टीन यांच्या डोक्यात आले ते शुद्ध हिशेबातून. बर्नस्टीन हे अमेरिकेतले स्पोर्ट्स एजंट. बेसबॉलमधला बॅरी बॉन्ड्स, अमेरिकन फुटबॉलमधले बॅरी सँडर्स आणि एमिट स्मिथ अशा बड्या खेळाडूंच्या जाहिरातींचे आणि नावाच्या विक्रीचे काम त्यांनी केले होते. 2002 साली याओ मिंग हा साडेसात फूट उंचीचा चिनी खेळाडू ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघात गेला आणि त्याच्यामागे अख्खा चीन टीव्हीसमोर येऊन बसला. मग बेसबॉलसाठी असाच एखादा भारतीय का सापडू नये? शंभर कोटींहून जास्त लोकसंख्या, चेंडू फेकायची रोजची सवय आणि एकही अमेरिकन संघ तिकडे फिरकलेला नाही. धंदेवाईक माणसाला याहून मोकळे रान कुठे मिळणार?

या हिशेबाला नियमांचाही आधार होता. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथले होतकरू खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, ड्राफ्टमधून जातात. संघ क्रमाने त्यांची निवड करतात आणि निवडलेल्या खेळाडूला सहसा त्याच संघाशी बोलावे लागते. बाकीच्या देशांतला सोळा वर्षांपुढचा मुलगा या रांगेत नसतो, तो कोणत्याही संघाशी करार करू शकतो. अमेरिकेत गुणवान पोरगा शाळेत असतानाच दहा स्काउटांच्या, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या, वहीत नोंदला जातो. ज्याला अजून कोणी पाहिलेलेच नाही असा हात शोधायचा, तर बाहेरच जायला हवे.

बर्नस्टीन यांनी अॅश वासुदेवन आणि विल चँग या भागीदारांबरोबर ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा आखली. 2007-08 मध्ये ती झी स्पोर्ट्सवर दिसली. रचना अगदी सोपी होती. गावोगावच्या मैदानात जाळी लावायची, वेग मोजायला रडार गन ठेवायची आणि येईल त्याच्या हातात चेंडू द्यायचा. चेंडू वेगात जायला हवा आणि स्ट्राइकच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या, चौकटीतही पडायला हवा. 37 हजारांहून जास्त जणांनी हात आजमावला. विजेत्याला एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चाळीस लाख रुपयांच्या आसपास. पुढचे दहा लाख डॉलर त्याहून कठीण फेकीसाठी राखून ठेवलेले होते, आणि ते कोणालाच मिळाले नाहीत.

आता मुख्य गंमत. अमेरिकी पाहुण्यांना वाटले होते की क्रिकेटचे वेगवान गोलंदाज येतील आणि बाजी मारतील. पहिल्या दोन क्रमांकांवर आले दोन भालाफेकपटू, आणि शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर त्यात आश्चर्य काहीच नाही. गोलंदाज लांबून धावत येतो, तो वेग चेंडूत उतरवतो आणि हात सरळ ठेवतो. कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होताना दिसले की चेंडू फेकल्याचा आरोप होतो. पिचरला, म्हणजे बेसबॉलमधल्या चेंडू फेकणाऱ्याला, धाव घेता येत नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून तो एक मोठे पाऊल टाकतो. पुढचा पाय घट्ट रोवला जातो, कंबर फिरते, मागून खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट आसुडासारखे सुटते. 18.44 मीटरवरच्या फलंदाजापर्यंत ताशी 145 किलोमीटरने गेलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. भाला फेकणाराही शेवटच्या दोन पावलांत जवळजवळ हेच करतो. पाय रोवणे, कंबर आधी आणि हात मागून, कोपर पुढे. फक्त त्याच्या हातात दीडशे ग्रॅमच्या चेंडूऐवजी 800 ग्रॅमचा भाला असतो. (सीमारेषेवरून येणारा क्रिकेटमधला सपाट थ्रो पिचिंगच्या बराच जवळचा आहे, पण त्याची अकादमी कोणी काढत नाही.)

क्रिकेटपटू मागे पडण्याला बाजाराचेही कारण असावे. त्याच हंगामात, फेब्रुवारी 2008 मध्ये, आयपीएलचा पहिला लिलाव झाला. त्यात एकोणीस वर्षांचा ईशांत शर्मा कोलकात्याकडे साडेनऊ लाख डॉलरना गेला. खरा वेग असलेल्या भारतीय पोराला दहा लाखांच्या आसपास देणारा ग्राहक घराजवळच उभा राहिला होता. भालाफेकपटूकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. नीरज चोप्राचे सुवर्णपदक तेरा वर्षे लांब होते. भाला फेकणाऱ्या मुलाने फार तर सैन्यात, पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी मिळेल अशी आशा धरायची.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे त्याच वाटेवरचे. रिंकू उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्याचा, ट्रकचालकाचा मुलगा, डावखुरा. दिनेश वाराणसीजवळचा. दोघेही लखनौच्या गुरू गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजात शिकलेले. रिंकूने ताशी 87 मैलांच्या, म्हणजे 140 किलोमीटरच्या फेकीवर एक लाख डॉलर जिंकले. तोपर्यंत दोघांनी बेसबॉलचा सामना पाहिलेलाही नव्हता.

मे 2008 मध्ये दोघे लॉस एंजेलिसला गेले, बर्नस्टीन यांच्याच घरी राहिले आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाऊस यांच्या हाताखाली तयार झाले. हाऊस हे माजी पिचर, मानसशास्त्रातले डॉक्टरेटधारक आणि फेकीचे शास्त्र जाणणारे प्रशिक्षक. वेग पोरांकडे आधीच होता, बाकी सगळे शून्यातून. चेंडूवर बोटे कुठे ठेवायची, कॅचरची खूण कशी वाचायची, धावकाला बेसवर कसे अडकवून ठेवायचे, टोलवलेला चेंडू आपल्याकडे आला तर तो कुठे फेकायचा. अमेरिकन मुलगा हे सहाव्या वर्षापासून अंगात मुरवत असतो. यांच्या वाट्याला जेमतेम सहा महिने आले.

5 नोव्हेंबर 2008 रोजी अॅरिझोनातल्या टेम्पी इथे स्काउटांसमोर चाचणी झाली आणि 24 नोव्हेंबरला पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. पायरेट्सने ही जोखीम का घेतली? सलग 16 हंगाम त्यांच्या पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त राहिली होती. अशा संघाला दोन स्वस्त पिचर घेऊन पाहायला काय हरकत? तेव्हा सगळ्यात खालच्या लीगमध्ये महिना हजार-बाराशे डॉलरच मिळत, तेही फक्त हंगामात. करोडपती होण्याच्या गोष्टीतला हा भाग जाहिरातीत नसतो.

2009 च्या जुलैमध्ये दोघे फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरले आणि रिंकूने सामनाही जिंकला. दिनेशला 2010 च्या अखेरीस संघाने मोकळे केले. तो भारतात परतला. रिंकू टिकला. 2012 मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून ए श्रेणीत चांगला खेळला. मेजर लीग अजून काही पायऱ्या वर होती. मग दुखापतींनी त्याचा डावा हात धरला आणि तिथेच त्याचे बेसबॉल थांबले. 2018 मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार केला, आणि ‘वीर महान’ या नावाने तो कुस्तीच्या रिंगणात आला.

बर्नस्टीन यांनी पोरांना फसवले असे मला वाटत नाही. त्यांनी दोघांवर पैसा आणि वेळ घातला, आणि त्यातून एका ट्रकचालकाच्या मुलाचे आयुष्य बदलले. चुकली ती बाजाराची आकडेमोड. हात शोधला की मागोमाग प्रेक्षक येईल हे गृहीतच कच्चे होते. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे सुरू होतो, ही अडचण तर सोडूनच द्या. याओ मिंगच्या आधी चीनमध्ये पिढ्यानपिढ्या बास्केटबॉल खेळले जात होते. डॉमिनिकन रिपब्लिक बघा. लोकसंख्या एक कोटीच्या थोडी पुढे, तरी मेजर लीगमधल्या दर दहांत किमान एक खेळाडू तिथला असतो. तिथे सगळ्या 30 संघांच्या अकादम्या आहेत. त्यांच्याही खाली गल्ली आहे, जिथे पोरे झाडूच्या दांड्याने पाण्याच्या मोठ्या बाटलीचे झाकण टोलवतात. आपल्या गल्लीत ती जागा टेनिस बॉलने घेतली आहे, आणि टीव्हीवरचा कार्यक्रम ती काढून घेऊ शकत नाही.

एका अर्थी एजंटचा डाव साधला. 2014 मध्ये डिस्नेने ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट काढला. जॉन हॅम एजंटच्या भूमिकेत होता, संगीत ए. आर. रहमान यांचे. गोष्टीला ग्राहक मिळाला, खेळाला मिळाला नाही.

त्यानंतर 2019 मध्ये मेजर लीगने दिल्लीत कार्यालय उघडले. 12 सप्टेंबर 2024 रोजी टेक्सास रेंजर्सकडून कुमार रॉकर हा पिचर मेजर लीगमध्ये उतरला. त्याची आई भारतीय वंशाची. तो अलाबामात जन्मला, व्हँडरबिल्ट विद्यापीठात खेळला आणि 2022 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात वाढलेला एकही खेळाडू त्या मैदानावर अजून उतरलेला नाही.