आठ फूट बाय चार फूट

एक खडू घ्या आणि फरशीवर ८ फूट लांब, ४ फूट रुंद चौकट आखा. आता तेवढ्यात दोन माणसांचं घर मांडा. झोपणं, स्वयंपाक, जेवण, कपडे, पाणी, सगळं आत हवं! आमच्या वर्गात हा खेळ खेळलो, तेव्हा पहिल्या गटाने पलंग, टेबल, कपाट अगदी झोकात मांडलं. मग कुणीतरी विचारलं, "पण माणूस उभा कुठे राहणार?"

अमेरिकेत अशी घरं खरोखर असतात, बरं का! पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात खोलीसारखं एक खोकं बसवतात. त्याला म्हणतात कॅम्पर. मोठा हौदा साधारण ८ फूट लांब. चाकांचे उंचवटे दोन्ही बाजूंनी आत येतात, त्यांच्यामधली जागा जेमतेम ४ फूट. मग करायचं काय? उंचवट्यांवरच बाकं करायची. बाकाची फळी उचलली की खाली पेटी. दोन बाकांमधलं टेबल रात्री खाली उतरवायचं, वर गाद्या पसरायच्या, झाला पलंग! काही कॅम्परमध्ये बिछाना थेट ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर असतो.

प्रसिद्ध लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच गाडीतून अमेरिका बघायला निघाले. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा. गाडीचं नाव रोसिनांते, म्हणजे डॉन क्विक्झोटच्या घोड्याचं. आत पलंग, चार शेगड्यांची चूल आणि फ्रीजसुद्धा! कपडे धुवायची त्यांची युक्ती तर भन्नाट. झाकणाच्या बादलीत कपडे, पाणी आणि साबण घालून ती लवचीक दोरीने कपाटात टांगायची. दिवसभर गाडी हिंदकळली, की कपडे आपोआप घुसळून निघत. पण सामान मात्र त्यांनी फार घेतलं. वाचायची राहिलेली पुस्तकंच कितीतरी किलो होती! (मलाही हा मोह आवरला नसता.)

वजनाचा हिशेब चुकवून चालत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली, की एक जाडजूड काका येऊन बसले म्हणा ना! हे काका अगदी मागे बसले, तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. म्हणून टाकी खाली आणि मागच्या चाकांच्या थोडी पुढे ठेवायची.

गॅसचं काम तर त्याहून जपून. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून घट्ट बंद आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारं भोक. आणि थंडी कितीही असो, बंद खोक्यात शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासच नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो.

आमच्या खेळात सगळ्यांत नेटकं घर झालं, त्या गटात एक मुलगी होती. तिच्या घरी सहा माणसं एका दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. तिने पलंग आखलाच नाही. "बाई, गाद्या सकाळी गुंडाळून ठेवायच्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही फळ्यावर दार आत उघडणारं काढलंय. ते जागा खातं. आमचं बाहेर उघडतं."

मी गुपचूप डस्टर घेतलं आणि दार बाहेर उघडणारं केलं.