लादी बसवण्याआधी खडू हाती घ्या!

घराचे काम काढायचे म्हटले की धूळ, पसारा आणि खर्च या तिन्हींचा विचार करून आपल्या पोटात गोळा येतो. त्या धांदलीत लादी निवडणे हे काम मात्र आपण दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या तासात उरकतो. निदान आम्ही तरी तसेच केले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या साताऱ्याच्या घरातली जुनी शहाबादी फरशी काढायची ठरली. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली दोन फूट बाय दोन फुटांची, आरशासारखी लादी मांडलेली होती. "वहिनी, हल्ली सगळे हीच नेतात," दुकानदार म्हणाला. ह्यांना पसंत पडली, मलाही पडली. एकसारखे दिसावे म्हणून न्हाणीघरालाही तीच घेतली. पहाटे सगळ्यांच्या आधी आंघोळीला जाणाऱ्या सासूबाईंना मात्र कोणी विचारले नाही. मीसुद्धा नाही.

तिसऱ्याच आठवड्यात त्या पाय घसरून पडल्या. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, फरशी आधी पायानं बघावी, मग डोळ्यानं."

न्हाणीघर पुन्हा उकरले. या वेळी मी मिस्त्रींच्या शेजारी पाट घेऊन बसले आणि प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडले. त्यातून जे उमगले ते तुम्हाला सांगते.

मांडणीचे चार प्रकार

पहिली सरळ चौकट, वहीच्या चौकोनांसारखी. हिच्यात काटछाट कमी होते आणि मजुरीही बेताची लागते.

दुसरी विटांची मांडणी. भिंतीतल्या विटांप्रमाणे प्रत्येक ओळ थोडी सरकवून लावायची. लाकडासारख्या दिसणाऱ्या लांबट पट्ट्या असतील, तर त्या निम्म्याने न सरकवता एक तृतीयांशाने सरकवाव्यात. लांब लादी मध्यभागी किंचित फुगीर असते. निम्म्याने सरकवली की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो, कडा वर राहते आणि चालताना बोटाला ठेच लागते.

तिसरी तिरकी. मी हिला शंकरपाळी म्हणते! जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात. अशा खोलीत सरळ चौकट मांडली, तर भिंतीकडेची ओळ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती दिसते. शंकरपाळीत हा दोष झाकला जातो.

चौथी गव्हाच्या ओंबीसारखी. दिसते देखणी, पण तिला कसलेला कारागीर हवा. लाद्या जास्त लागतात आणि मजुरीही जास्त.

शिवणाची टेप कामाला येते

खोली काटकोनात आहे की नाही, हे तुम्हीच पाहू शकता. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर पाच फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. आपली शिवणाची टेपही नेमकी पाच फुटांचीच असते.

आता लाद्यांचा हिशेब. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. दोन फुटी लादी चार चौरस फुटांची, म्हणून 30 लाद्या लागतील. सरळ मांडणीत काटछाटीसाठी साधारण दहा टक्के जास्त धरतात, म्हणजे 33. शंकरपाळीला पंधरा टक्के, म्हणजे 35. खोक्यांवरचे छटेचे आणि बॅचचे क्रमांक एकच आहेत ना, तेही बघून घ्या. पुढे एखादी लादी फुटली आणि दुसऱ्या बॅचमधली आणली, तर ठिगळ लावल्यासारखे दिसते. म्हणून चारदोन लाद्या माळ्यावर राहू द्याव्यात.

आधी कोरडी मांडणी

समजा, खोलीची रुंदी दहा फूट तीन इंच आहे. मिस्त्रींनी एका भिंतीपासून सुरुवात केली, तर पाच लाद्या अख्ख्या बसतील आणि शेवटी उरेल तीन इंचांची चिंचोळी पट्टी. तीच नेमकी दाराशी आली की जन्मभर डोळ्यांत खुपते. त्याऐवजी मध्ये चारच अख्ख्या लाद्या ठेवा. दोन्ही कडांना साडेतेरा साडेतेरा इंचांचे तुकडे येतील आणि ते शोभूनही दिसतील.

यासाठी सिमेंट कालवण्याआधी खडूने मध्यरेषा आखून घ्या आणि एक उभी, एक आडवी ओळ नुसतीच मांडून बघा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या हातांना यात अवघड ते काय? तुकडे कपाटाखाली आणि पलंगाखाली जातील, अख्खी लादी उंबऱ्याशी येईल, असे बघा. मिस्त्री कुरकुरले तरी त्या दिवशी तिथून हलू नका.

न्हाणीघर

इथे रूप नंतर, पाय आधी. जमिनीला खरखरीत, चमक नसलेली लादी घ्यावी आणि ती लहान असावी. लहान लाद्यांत दरजा जास्त येतात, त्यामुळे पाय धरून राहतो. शिवाय उतारही नीट देता येतो. पाणी जाण्याची जाळी मध्यभागी असेल, तर चारी बाजूंनी उतार लागतो. तिथे मोठी लादी तिरकी कापल्याशिवाय बसत नाही. आमच्या पहिल्या वेळी ती न कापता तशीच बसवली होती, म्हणूनच पाणी साचून राहिले. जाळी भिंतीकडेला असेल तर एकाच दिशेने उतार पुरतो. जिथे अंगावर पाणी घेतो, तिथे फुटाला पाव इंच उतार हवा, म्हणजे चार फुटांत एक इंच.

भिंतीच्या गुळगुळीत लाद्या उरल्या म्हणून त्या जमिनीला वापरू नयेत. त्या घसरड्या असतात आणि वजनही सोसत नाहीत.

ओट्यामागची भिंत

ओंबीची नक्षी सर्वांत मोहात पाडते ती इथे. पण फोडणीचे तेल आणि हळद कुठे जाऊन बसते? दरजांत! आणि घासायचे कोणी, ते सांगायला नकोच. शेगडीमागे मोठ्या लाद्या सरळ मांडाव्यात आणि दरजांत इपॉक्सीचे भरण घालून घ्यावे. ते महाग पडते, पण तेलाचे डाग शोषून घेत नाही. नक्षीची हौस शेगडीपासून दूर, ताटाळ्याच्या बाजूला भागवावी. अख्ख्या लाद्यांची ओळ ओट्यापासूनच सुरू करावी, म्हणजे कापलेली ओळ वरच्या कपाटाखाली झाकली जाते. बटणांची जागा आधीच ठरवली, तर लादीला भलतीकडे भोक पाडावे लागत नाही.

आणि शेवटी एक तांब्या

काम झाल्यावर, पण मिस्त्रींचा शेवटचा हप्ता देण्याआधी, न्हाणीघराच्या चारी कोपऱ्यांत एकेक तांब्या पाणी ओता. सगळे पाणी आपणहून जाळीकडे गेले पाहिजे. कुठे थबकले तर तेवढा भाग पुन्हा करून घ्या.

आमच्याकडे हा तांब्या सासूबाईंनी ओतला. मग अनवाणी पायांनी आत जाऊन, भिंतीला हात न लावता, त्या दोनदा इकडून तिकडे चालल्या. बाहेर येऊन ह्यांना म्हणाल्या, "दे रे आता मिस्त्रींचे पैसे."