दुनळीचा चोक मूळचा की बदललेला?

तरसालीत काय किंवा जुन्या बडोद्यात काय, काही मराठी घरांत आजोबांची परवान्याची विलायती दुनळी अजून असते. तिचा चोक, म्हणजे नळीचा तोंडाकडचा अरुंद भाग, मूळचा आहे का, हे ओळखायला सोपं आहे.

आधी बंदूक रिकामी आहे ना, हे बघा आणि नळ्या वेगळ्या काढा. आता खालच्या बाजूचे शिक्के वाचा. बर्मिंगहॅमच्या तपासणीत 1875 ते 1887 दरम्यान चोकच्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' असं उमटवत, 1887 नंतर 'चोक'. शिक्का असूनही तोंडाचं माप आतल्या बोअरइतकंच भरलं, तर नळी कापलेली तरी आहे, नाहीतर आतून घासलेली.

माप कॅलिपरने घ्या. नाणं घालून बघण्याची युक्ती मला अजिबात पटत नाही. बारा बोअरचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर, फुल चोकमध्ये तोंड त्याहून साधारण 1 मिलिमीटर अरुंद.

कापलेली दुनळी समोरूनच कळते. नळ्या टोकाकडे जवळ येत जातात, मूळ तोंडं जवळजवळ चिकटलेली असतात. मध्ये फट आणि त्यात डाख भरलेला दिसला की समजा, करवत चालली आहे. चोक शेवटच्या इंच-दोन इंचांत असतो, त्यामुळे तेवढं कापलं तरी तो जातो. लांबी 28 किंवा 30 ऐवजी पावणेसत्तावीस इंच भरली, तरी संशय घ्या.

आणि हो, 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार नळी आखूड करायलाही परवाना लागतो.