ब्राउझरमधील पाहुण्या आज्ञावल्या आणि सुरक्षेचा प्रश्न

संकेतस्थळे उघडून दाखविणाऱ्या आज्ञावलीला ब्राउझर म्हणतात. आरंभीच्या ब्राउझरांना अक्षरे व स्थिर चित्रे यांपलीकडे फारसे काही दाखविता येत नसे. ध्वनी आणि चलच्चित्रे यांसाठी त्यांना बाहेरच्या आज्ञावल्यांची मदत घ्यावी लागे. १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरात अशा पाहुण्या आज्ञावल्यांसाठी एक दार ठेवले. या दारातून आत येणाऱ्या आज्ञावल्यांनाच प्लगइन हे नाव पडले. रिअलप्लेअर, क्विकटाइम, जावा आणि फ्लॅश ही त्यांतील ठळक नावे होत.

यांपैकी फ्लॅशचा प्रसार सर्वाधिक झाला. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने जन्मलेली ही आज्ञावली त्याच वर्षी मॅक्रोमीडिया कंपनीकडे आणि २००५ मध्ये अडोबी कंपनीकडे गेली. २००५ मध्येच सुरू झालेल्या यूट्यूबची चलच्चित्रेही प्रथम फ्लॅशच्याच आधाराने दिसत. जगातील बहुसंख्य संगणकांवर एकच आज्ञावली असणे ही प्रेक्षकांच्या दृष्टीने सोय होती. परंतु चोरांच्या दृष्टीनेही ती तितकीच मोठी सोय होती. एका कुलपाची किल्ली सापडली की घरोघरचे दार उघडावे, तसा हा प्रकार होता.

येथे वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील, की चित्र पाहिल्याने संगणकात चोर कसा शिरेल? याचे उत्तर संगणकाच्या स्मृतीच्या रचनेत आहे. चलच्चित्राची फाइल आपल्या आरंभी स्वतःचे आकारमान सांगते. त्यावर विसंबून प्लगइन स्मृतीत तेवढी जागा राखून ठेवते. समजा, दहा पायल्यांची कणगी ठेवली आणि प्रत्यक्षात बारा पायल्या धान्य ओतले, तर उरलेले धान्य शेजारी सांडेल. संगणकाच्या स्मृतीत त्या शेजारच्या जागी 'यापुढचे काम कोठून करावे' ही नोंद असू शकते. फाइल रचणाऱ्याने सांडणारा मजकूर हेतुपूर्वक निवडलेला असेल, तर मूळ नोंद पुसली जाऊन त्याने दिलेल्या सूचना चालू लागतात. दुसरा प्रकार धर्मशाळेतील किल्लीचा. पाहुण्याने खोली सोडली, ती दुसऱ्यास दिली गेली, पण जुनी किल्ली पहिल्याकडेच राहिली, तर जो धोका संभवतो तोच मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली गेल्याने संभवतो. प्लगइन बहुधा वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे घुसखोरालाही ते सर्व अधिकार आयते मिळत.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हता. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतील आरएसए या सुरक्षा-कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांना भरतीच्या योजनेविषयी एक ई-पत्र आले. सोबतच्या एक्सेल फाइलमध्ये फ्लॅशचा एक तुकडा दडविलेला होता. फाइल उघडताच घुसखोरांचा शिरकाव झाला, आणि बँका व शस्त्रास्त्र-कंपन्या ज्या सांकेतिक किल्ल्यांवर विसंबून होत्या त्यांच्याशी निगडित माहिती चोरीस गेली. कुलपे बनविणाऱ्याच्याच घरी चोरी झाली, आणि तीही चित्रे हलविणाऱ्या आज्ञावलीच्या वाटेने!

जुलै २०१५ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट उघडकीस आली. सरकारांना पाळतीची साधने विकणाऱ्या इटलीतील हॅकिंग टीम या कंपनीची सुमारे ४०० गिगाबाइट माहिती फुटली. फ्लॅशमधील, तोवर निर्मात्यांनाही अज्ञात असलेली छिद्रे या कंपनीने जवळ बाळगली होती, असे तीतून दिसले. म्हणजे छिद्र सापडले की ते बुजवावयाचे, हा संकेत मागे पडून छिद्रांचा व्यापार सुरू झाला होता. त्या एका वर्षात फ्लॅशमधील तीनशेहून अधिक छिद्रांची नोंद झाली.

दुरुस्त्या वेळोवेळी निघत. मग धोका का टळला नाही? त्याचे कारण माणसांच्या अडचणीत आहे. आपल्याकडे शासकीय ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी ब्राउझरात जावा लागत असे. नवी आवृत्ती घेतल्यास संकेतस्थळ चालणार नाही, या भीतीने जुनीच ठेवण्याकडे लोकांचा कल असे. मुदत संपत आलेल्या कंत्राटदारापुढे सुरक्षेचा विचार मागे पडावा, यात नवल नाही.

अखेर प्लगइनचे दार बंद करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल-५ हे मानक संमत झाले. त्यानुसार ब्राउझर स्वतःच चलच्चित्रे दाखवू लागले. अडोबीने जुलै २०१७ मध्ये घोषणा करून ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील सामग्री चालणेही थांबविले. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज मात्र फ्लॅशवरच अवलंबून होते; ते चालावेत म्हणून त्या खात्याला स्वतःचा निराळा ब्राउझर काढावा लागला. दोन तपांत रचली गेलेली असंख्य रेखाचित्रे, खेळ व शैक्षणिक पाठ यांचीही वाट बंद झाली. रफल या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने त्यांतील काही आज पुन्हा पाहता येतात.

तथापि दार बंद झाले म्हणून धोका संपला, असे मानता येणार नाही. ध्वनी व चित्रे उलगडण्याचे अवघड काम आता ब्राउझरातील आणि फोनमधील आज्ञावल्या करतात, आणि चुका तेथेही होतात. मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल-यंत्रणेत स्मृती सांडण्याचेच एक छिद्र आढळले. कॉल न उचलताही त्यातून पेगासस हे हेरगिरीचे साधन फोनमध्ये शिरू शकत असे. लक्ष्य ठरलेल्या सुमारे १४०० फोनधारकांमध्ये छत्तीसगडमधील कार्यकर्ते व वकील होते, तसेच नागपूरचेही वकील होते. त्यावर छत्तीसगड शासनाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौकशी-समिती नेमली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतिमा व चलच्चित्रे उलगडणाऱ्या दोन बहुप्रचलित आज्ञावलींत गंभीर छिद्रे सापडली, आणि प्रमुख ब्राउझरांना घाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

एक सुधारणा मात्र निश्चित झाली आहे. आधुनिक ब्राउझर अनोळखी सामग्री एका बंदिस्त कोठडीत उलगडतात. त्यामुळे एक भिंत फुटली तरी दुसरी उभी असते. शिवाय दुरुस्त्या बहुधा आपोआप येतात. भारतात २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही शासकीय संस्था अशा छिद्रांविषयी इशारे प्रसिद्ध करते. सामान्य वाचकाने एवढे पाळावे, की दुरुस्ती पुढे ढकलू नये. आणि चित्र पाहण्यासाठी फ्लॅश बसवा, असे कोणी आज सांगू लागले तर ती फसवणूकच समजावी.